अरुंद चारीचे पाणी

इंदापूर,
दि. ३० नोव्हेंबर १९९९

प्रिय कन्या विजयमाला हिस,

अनेक आशीर्वाद. तुझा यशराज खुशाल आहे. काल त्याने पोटभर जेवण केले आणि करडामागे बांधापर्यंत धावला. हे मुद्दाम लिहितो, कारण याच मुलाच्या मेंदूला धोका आहे असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि मी ते मानले नाही म्हणून तू दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाहीस. मानसिंगराव त्याला न्यायला आले, त्यांनाही मी परत पाठवले. जावयांना दवाखान्यातून कोणी पढवून धाडले असावे, असे मला वाटले.

माझा संशय आजही गेलेला नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. सिकलसेलचे दुखणे मी मान्य केले. हातपाय सुजून पोर कण्हते, ते डोळ्यांनी पाहिले आहे. हा दोष आईबाप दोघांकडून येतो म्हणजे आपल्या घराण्याकडेही बोट जाते, तो रागही गिळला. परंतु धडधाकट मुलाच्या डोक्याला यंत्र लावायचे, आत रक्त फार वेगाने वाहते म्हणायचे आणि पुढे अर्धांगवायू होऊ नये म्हणून दरमहा परक्याचे रक्त चढवायचे, हे पटले नाही. रक्त कोणाचे, तपासले कोणी, असे मी विचारले. डॉक्टर न चिडता उत्तरे देत राहिले, त्यामुळे संशय अधिकच वाढला. मी जन्मभर कालव्यावर पाटकरी होतो, पाणी वेगात असले म्हणजे शिवार भिजते एवढे मला कळते, असे त्यांना ऐकवून मी पोराला पलंगावरून उचलून आणले.

परवा कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले. यशराजला घेऊन शेताला पाणी नेणाऱ्या चारीवर गेलो. वळणापाशी गाळ साचून चारी वीतभर उरली होती आणि तेथे पाणी खळाळत होते. तो ओरडला, "आबा, हितं पानी लई पळतंय!" मला बरे वाटले. मग पुढे जाऊन पाहिले, तर उसाचा वाफा कोरडा. परत येतो तो त्याने ज्वारीची वाकडी धाटे पाण्यात सोडली होती. रुंद जागेतून ती सहज गेली. वळणावर एक आडवे बसले, त्याला दुसरे अडकले, पाला साचला. पोर म्हणाले, "आबा, थांबलं."

डॉक्टरांनी कागदावर अरुंद झालेली रक्तवाहिनी आणि तिच्यात अडकणारी विळ्यासारखी वाकडी रक्तपेशी काढून दाखवली होती, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. घरी सारे सांगितले, तर तुझी आई म्हणाली, "डॉक्टरचं पटलं न्हाय, चारीचं तरी पटतंय का?" त्या दिवसापासून यशराज पेला उचलतो तेव्हा मी त्याच्या बोटांकडे पाहत राहतो.

म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी त्याला घेऊन मी इंदापूरहून पुण्याच्या गाडीत बसतो. तू भिगवणच्या फाट्यावर उभी राहा. बाटलीवरचा रक्तगट मी स्वतः वाचीन, शेवटचा थेंब उतरेपर्यंत पलंगाशी बसेन, आणि दर महिन्याला तसाच बसेन. विश्वास ठेवला असे कोणी समजू नये. डॉक्टरांशी काय बोलायचे ते मी बोलेन. तू फक्त गाडीत माझ्याशेजारी बस.

तुझाच,
आबा