होकायंत्राची गाडी

इंदापूर, नोव्हेंबर १९९६. रविवार, संध्याकाळ

जुनी जर्मन गाडी घ्यावी की नको? अपरात्री बाळंतपणाला बोलावलं तर दगा नाही ना देणार? पण मला भुरळ पडली ती तिच्यातल्या होकायंत्राची. ऊस उभा असला की सगळी वळणं सारखीच दिसतात, मी हमखास चुकते.

आज सासऱ्यांना, म्हणजे तात्यांना, शेजारी बसवून लासुर्णे गावापर्यंत चालवून पाहिली. तरीही चुकलेच!

तात्या म्हणाले, "काटा उत्तर दावतोय. आपल्याला लासुर्णं पायजे."

मग काय, जागोजागी गाडी बंद करून रस्ता विचारत गेलो.

घरी आल्यावर म्हणतात, "सूनबाई, रस्ता कुनीबी सांगंल. दर येळंला किल्ली फिरवली की लगीच चालू झाली, ह्ये बघितलं का?"

नव्हतं बघितलं. मी त्या काट्याकडेच बघत होते. उद्या गाडीवाल्याला हो म्हणून टाकते.