दवाखान्यासमोरच्या घराची व्यवस्था

२००१ सालच्या एका दुपारी बीडच्या एसटी स्टँडवर मुक्ताबाई आणि मी एकाच बशीतली भजी खात होतो. ती अशी हसत होती की कंडक्टरही वळून बघत होता. तिच्या त्या हसण्यामुळेच हे मृत्युपत्र लिहावंसं वाटलं.

मी, ईश्वरी सिद्धलिंग हिंगमिरे, वय ६७, निवृत्त सरकारी परिचारिका, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझ्या स्वकष्टार्जित मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवते. पुतण्या शंका काढील म्हणून शुद्धीचा दाखला जोडला आहे. तोही सरकारी डॉक्टरांचाच.

१. सरकारी दवाखान्यासमोरचं माझं तीन खोल्यांचं घर पुतण्या डॉ. राजेश्वर याला मिळू नये. तिथे त्याला आपल्या खाजगी हॉस्पिटलची शाखा काढायची आहे. "काकू, तुमच्या नावाची संगमरवरी पाटी लावतो," म्हणाला. आमच्या दवाखान्यात शिरण्याआधीच बाई त्या पाटीखाली अडेल, एवढं मला कळतं.

मुक्ताबाई ऊसतोडीला जायची. ती सव्वीस वर्षांची असताना ओटीपोट दुखतं म्हणून राजेश्वरकडे गेली, तर त्याने तिला गर्भपिशवी काढायला सांगितली. ती माझ्याकडे आली. "शिस्टर, मुकादमबी म्हनतो काहून ठेवती? पिशवी न्हाई तर पाळी न्हाई, अन् कामाला खाडाबी न्हाई." मी तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधा संसर्ग आहे. गोळ्या घे, पिशवी राहू दे." त्या आनंदाची ती भजी.

राजेश्वर चिडला. "काकू, माझं गिऱ्हाईक पळवलंत!"

"पेशंट म्हण रे. मी कॉन्व्हेंटात शिकलेलं इंग्रजीच तुला शिकवलंय."

दोन वर्षांनी मुक्ताबाईला आमच्या दवाखान्यात मुलगी झाली. नाळ मीच कापली. ती ऋतुजा आज तिथेच परिचारिका आहे. आणि गेल्या महिन्यात राजेश्वरची सून तेजश्री सासऱ्याचं एसी हॉस्पिटल सोडून आमच्याकडे बाळंत झाली. मला म्हणाली, "आजी, मला ऋतुजा सिस्टरच पाहिजेत." मी जिंकले, याची इथे नोंद असावी.

२. सदर घर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास द्यावं. दूरच्या वस्त्यांवरच्या, दिवस भरत आलेल्या बायांनी तिथे विनामूल्य राहावं. माझ्या बचतीतून खाटा व गाद्या घ्याव्यात.

३. ज्यावर बसून बाया मला आपलं दुखणं सांगायच्या, ते माझं लाकडी बाक राजेश्वरला द्यावं. तपासणीच्या खोलीत ठेवून, त्यावर बसलेल्या बाईचं बोलणं संपेपर्यंत त्याने ऑपरेशनचं नाव काढू नये. पोरावर माझी माया आहे, म्हणून हे.

४. बोरमाळ तेजश्रीला.

५. घराची किल्ली ऋतुजाला, माझ्या मृत्यूच्या दिवशीच. तेराव्याची वाट पाहू नये. त्या दिवशी कुणी अडलेली बाई दारात आली, तर आधी तिला आत घ्यावं, मग मला बाहेर काढावं.

साक्षीदार:
१. रामकिसन मुळे, निवृत्त शिक्षक (सही)
२. बायनाबाई सोनवणे, आशा कार्यकर्ती (सही)

ईश्वरी सिद्धलिंग हिंगमिरे (सही)
तलवाडा, दि. १२ नोव्हेंबर २०२५