पूर्ण काळोखाचे फायदे

२ एप्रिल
निर्णय झाला. इंजेक्शन बंद. एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. मेलाटोनिन तिला आवरतं, असं उंदरांवर दिसलंय. हे हार्मोन शरीर अंधारात फुकट बनवतं. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षी उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत आली. दर वेळी येईलच असं नाही. त्यांनी माझ्याइतके पेपर वाचले नसावेत.
खिडकीला काळा कागद. दिवे आठला बंद.

४ एप्रिल
आई म्हणते, घुबड झालीस का गं? सुई टोचली का? हो म्हटलं. तिला मेलाटोनिन समजावण्यात अर्थ नाही. सुया फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे.

७ एप्रिल
साडेअकरापर्यंत मोबाइल. मेलाटोनिनवरच वाचत होते, त्यामुळे हा उजेड धरलेला नाही.

९ एप्रिल
शेंद्र्याच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये टायट्रेशन बिघडलं. थेंब थेंब सोडत राहिले. गुलाबी छटा येईचना. ज्युनिअर सायली म्हणाली, मॅडम, कवाच गुलाबी झालं, तुम्ही लई पुढं गेलात. ब्युरेटच्या नळीवरचे आकडे वाचताना डावा डोळा मिटायची माझी सवय. उजव्याने पुन्हा पाहिलं. निव्वळ पाणी. रंग दाखवणारा इंडिकेटरच जुना. सायलीला भास होतात.

११ एप्रिल
धाकटा भाऊ आकाश जयंती मंडळाचा अध्यक्ष. अक्कल तेवढीच. नेमका माझ्या खिडकीसमोर हॅलोजन लावला. झापलं, तर म्हणतो, ताई, वर्षातून एकदा बाबासाहेबांसाठी उजेड सोस की. तुझं हार्मोन काय पळून चाललंय व्हय?
तरी कागद उत्तम. डाव्या कुशीवर, डावा डोळा उशीत दाबून झोपले की फटीतला हॅलोजनही दिसत नाही. परवापर्यंत दिसायचा. काळोख सुधारतोय. उजवा डोळा फिरवला की दुखतो. विश्रांतीची सवय नाही त्याला.

१४ एप्रिल
मिरवणूक. कुणा मूर्खाने उधळलेली नीळ डाव्या डोळ्यात गेली. डोळा मिटला, आणि त्याच क्षणी गल्लीतली लाइट गेली. डीजे मात्र चालू. आकाशला म्हटलं, लाइट गेली तरी नाचताय? तो नाचायचा थांबला. म्हणाला, ताई, लाइट कुठं गेली?

१६ एप्रिल
हॉस्पिटल. सलाइनमधून स्टेरॉइड. डॉक्टर म्हणाले, ही शरीरातल्या एका हार्मोनचीच नक्कल. म्हणजे माझं तत्त्व बरोबर होतं. हार्मोन तेवढं चुकलं.
आईने लोणच्यामागच्या सुया आणून माझ्यासमोर ठेवल्या.
वॉर्डातली ट्यूबलाइट बंद करत नाहीत. आकाशने विचारलं, डोळ्यांवर रुमाल बांधू का?
म्हटलं, डाव्यावर बांध. पुरे.