न बोललेला नवस

प्रिय एवारिस्तो,

वयाने तू माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, म्हणून आशीर्वाद लिहावा म्हटलं. पण तू पडलास फादर, तेव्हा आशीर्वाद मीच मागायला हवा. दोन्ही लिहिलेत असं समज, तुझा ठेवून घे आणि माझा परतीच्या टपालाने पाठव. गुडघा कसा आहे? तिकडे डोंगरात गारठा फार, रात्री त्याला लोकर गुंडाळतोस ना? (लोकर हा शब्द नुसता लिहिला तर माझ्या मानेला खाज सुटली. शाळेत मदर एन्ग्रासिया म्हणायच्या, कासिल्दाची कातडी नखरेल आहे, आणि ती सुधारावी म्हणून मला एकावर एक दोन स्वेटर घालायला लावायच्या. कातडी सुधारली नाही.)

माझं म्हणशील तर कातडी तीच आणि कानही तेच. निनेत, अन्सेल्मोच्या भावाची मुलगी, राजधानीत शिकून आली आहे. तिने सांगितलं की या प्रकाराला आता नाव आहे. काकू, तुम्ही अतिसंवेदनशील आहात. जन्मभर नखरेल होते, पासष्टीला ही पदवी मिळाली. अन्सेल्मोला आमच्या उभ्या संसारात हे नाव माहीत नव्हतं. तो आपला नवा ब्लाऊज घरात आला की छोटी कात्री घेऊन दिव्याखाली बसायचा आणि मानेमागचं लेबल एकेक टाका उसवून काढायचा, कारण कापलेल्या लेबलाचा उरलेला कोपरासुद्धा मला टोचतो. स्वयंपाकघरातली ट्यूब गुणगुणायची, तर ती काढायला लावताना वीजवाल्याला म्हणाला, माझ्या डोळ्यांना त्रास होतो हो. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या गुरुवारी मी नवा ब्लाऊज उलटा घालून बाजारात गेले. तिघीजणींनी सांगितलं, दोन्या कासिल्दा, उलटा आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येते. पहाटे पाचला दारात फटाक्यांची माळ वाजली नाही तर आपल्याकडे त्या माणसाचा वाढदिवस झाला असं कुणी धरत नाही. गेल्या वर्षी दुखवटा होता म्हणून मी सुटले. यंदा समोरची मक्याच्या गिरणीवाली दोन्या फिदेलिना आणि निनेत माझ्याच चुलीपाशी बसून बेत करू लागल्या: बारा माळा, सहा आकाशात फुटणारे बॉम्ब आणि अगदी दाराला लागून चार माणसांनी बडवायचा लाकडी पट्ट्यांचा मारिंबा. फिदेलिना म्हणाली, "पासष्ट वर्षं काय दरसाल होतात, दोन्या?" नको म्हणावं, तर तुमची माया नको असं म्हटल्यासारखं होतं. तेवढ्यात माझ्याच तोंडून मी ऐकलं, की अन्सेल्मोच्या आत्म्यासाठी मी एस्कीपुलासच्या प्रभूला नवस बोलले आहे, वर्षभर माझ्या दाराशी आवाज होऊ देणार नाही. दोघींनी क्रूसाची खूण केली. पुढे कुणी काही विचारलं नाही.

गल्लीने तो नवस असा पाळला, की पाळावा तर असा. गॅसवाला टाकी बडवायचा थांबला, आता तो खिडकीपाशी येऊन कुजबुजतो. (त्याच्या तोंडाला लसणाचा वास येतो, पण ते नवसात घालायचं राहिलं.) ओविदियो आपली मिनीबस सकाळी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो आणि मग सुरू करतो, उतारू मागून हात लावतात. फिदेलिना गिरणी तासभर उशिरा लावते, त्यामुळे अख्ख्या गल्लीची न्याहारी उशिरा होते. मी बाहेर पडले की बायका बोलायच्या थांबतात. पहिले चार दिवस मला स्वर्ग वाटला. मग फ्रिज ऐकू येऊ लागला, मग नळ, मग माझेच सांधे.

परवा वाढदिवस झाला. चारलाच जाग आली. सवयीने कानांत कापूस घातला, आणि पाचला पाच कमी असताना काढला. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाचला फिदेलिना चवड्यांवर चालत आली, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले, कानाशी येऊन शुभेच्छा पुटपुटली आणि म्हणाली, "माळा चुलीवर टांगून ठेवल्यात, दोन्या. दमट व्हायच्या नाहीत. नवस सुटला की बघू." आणि गेली. मी तमाल उघडला, आणि त्याचं पान केवढ्यांदा वाजलं म्हणून सांगू. एवारिस्तो, मी पासष्टची झाले हे कुणाला कळलंच नाही असं मला दिवसभर वाटत राहिलं.

तब्येतीला जप.

तुझी बहीण,
कासिल्दा

ता. क. तुझ्या चर्चच्या शिक्क्याच्या कागदावर लिहून पाठव, की नवस माफ केला आहे. तो मी बोललेच नव्हते, हा कबुलीजबाब समज म्हणजे तुला कुणाला सांगता येणार नाही. (टपालाने कबुलीजबाब चालत नाही हे मला ठाऊक आहे. नन्सकडे सहा वर्षं काढली आहेत.)

ता. क. २. माफी फक्त फटाक्यांपुरती लिही. मिनीबस आणि गॅसवाला नवसातच राहू देत.

ता. क. ३. कागद नको. आत्ताच फिदेलिना येऊन गेली. म्हणाली, नवस नव्हता हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दरसाल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अन्सेल्मो तिच्याकडे जाऊन विनवायचा, की एकच माळ लावा, छोटी, आणि गल्लीच्या टोकाला, हौदाच्या पलीकडे. चौतीस वर्षं. मला वाटायचं, आपली गल्लीच कंजूष. "तुम्ही स्वतः कधी सांगता, याची वाट बघत होतो," ती म्हणाली. उद्या पहाटे लावणार आहेत. जागा दाखवा म्हणाली, म्हणून मी तिच्याबरोबर बाहेर गेले आणि हौदाच्या पलीकडची जागा दाखवली. मग थोडी अलीकडे घेतली.