चार बोटं बर्फ

७ फेब्रुवारी
रात्री चार बोटं बर्फ पडला. एवढाच! गाव खूश — गोत्सीला, बाळजन्माच्या सणाला, वाट मोकळी राहणार. मला मात्र वारा आवडला नाही. डोंगराच्या धारेवरचा सगळा बर्फाचा भुगा उडवून त्यानं नाल्यावरच्या उतारावर नेऊन टाकलाय. सासुरवाडीची वाट नेमकी तिथूनच येते. बायको, पलझोम, बाळंतपणाला माहेरी गेली ती अजून पलीकडेच. पोरीचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

८ फेब्रुवारी
उताराच्या कडेला खड्डा खणला. वर वाऱ्यानं दाबलेला घट्ट थर, खाली जाड्या साखरेसारखा सुटा बर्फ, मुठीत धरला तरी न बसणारा. फावडं वर ठेवून हलक्या चापट्या मारल्या. जोर लावायच्या आतच वरची लादी सरकून मांडीवर आली. आमच्या बर्फ-पाहणीच्या चौकीवर कळवलं. वाटेवर लाल झेंडा रोवला.

९ फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, कमरेएवढ्या बर्फात ही वाट तुडवलीय मी, आणि तुम्ही चार बोटांना भ्यालात?" म्हटलं, आबा, किती पडला ते सोडा, कशावर बसलाय ते बघा. "सरकारी पगार सुरू झाला की पाय लटपटतात वाटतं!"

आईचा घोर वेगळाच. गोत्सी आजवर मुलग्यांचीच व्हायची; आमच्या घरात पहिल्यांदाच पोरीच्या जन्माची होतेय. देवाकडे सत्तूचं ताट वाजतगाजत जायचं, आणि पोरच घरात नाही! "मुलगा असता तर लावला असतास का रे झेंडा?" — हे आईनं विचारलं! माझ्या आईनं! जेवलोच नाही.

१० फेब्रुवारी
झेंडा तसाच.

११ फेब्रुवारी, गोत्सी
आली! सासरे सकाळी झेंड्याला न जुमानता त्याच उतारावरून दोघींना घेऊन आले. पोर त्यांच्या अंगरख्यात गाढ झोपलेली. मी दारातच ओरडलो. ते हसले. "पडलं का काही? सांगा की!" आणि पोर माझ्या हातात दिली. राग कुठच्या कुठे पळाला. कपाळ माझ्यावर गेलंय.

दिवसभर गाव चिडवत होतं — "झेंडेवाले, उपटा आता!" मीही हसलो. जवाची छांग प्यायलो. वाटलं, असेल, चुकलं असेल माझं.

ऊन उतरायच्या आत सासरे निघाले. घरी गाई उपाशी होत्या. मी अडवलं नाही. उलट म्हणालो, "आबा, सकाळच्याच पावलांवरून जा."

१२ फेब्रुवारी
काल सासरे उताराच्या मध्यावर असतानाच वरचा बर्फ सुटला. आज सापडले, खाली नाल्यात. पलझोम रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला तर माहीत होतं."