मी गंभीर झालो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवून झाल्यावर मी स्वतःचा स्वतः उठलो, कुणी हात दिला नाही. यावरून प्रकृतीचा काय तो अंदाज घ्यावा.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा डावा कान उघडला का, की अजून जे काही बोलायचं ते त्यांच्या उजव्या बाजूला जाऊनच बोलावं लागतं? त्यांना माझा नमस्कार सांग, उजवीकडून. इकडे मी, तुझी भावजय आणि तुझी भाची असे आम्ही तिघंही सुखरूप आहोत. एरवी हे वाक्य मी सवयीने लिहितो, या वेळी जबाबदारीने लिहितो आहे.

फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं की तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलू देत नाहीस. पत्र तू फार तर फाडशील, पण मध्येच तोडणार कसं? गेल्या रविवारी तू आमच्या दारात आलीस, मला हाफ पँटमध्ये धडधाकट उभा पाहिलंस आणि घोटभर पाणीही न घेता आल्या पावली परत गेलीस. जाताना, या घराशी माझा संबंध संपला, असं जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगितलंस. माणूस जिवंत आहे म्हणून कुणी इतकं चिडलेलं मी तरी आजवर पाहिलं नव्हतं. पण संबंध संपलेला मला परवडणारा नाही. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगतो. कंटाळा आला तर पाणी पी, पण वाच.

सुरुवात आमच्या चष्म्याच्या दुकानात झाली. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर चष्म्याची सैल दांडी कसून घ्यायला आले होते. मी त्यांची दांडी कसत होतो आणि ते चष्म्याविना, म्हणजे जवळजवळ काहीच दिसत नसताना, माझं पोट बघत होते. चष्म्याविना दिसलं म्हणजे बघ. म्हणाले, काहीतरी खेळत जा. आता आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये तुझी भावजय आणि मुलगी रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात, हे मला वर्षभर ऐकून माहीत होतं. मुलीच्या लहानपणची एक पत्र्याची रॅकेट माळ्यावर होती, ती पुसून मीही जायला लागलो. तिची जाळी इतकी सैल होती की शटल तिच्यावर येऊन जरा विसावा घ्यायचं आणि मग सावकाश पलीकडे जायचं. पण जायचं. आठवडाभर मी बरा खेळलो. तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबायचं कुठे हे कळलं असतं तर मी चष्म्याचं दुकान तरी कशाला काढलं असतं!

त्यातच इमारतीच्या सेक्रेटरींनी दुहेरीची स्पर्धा जाहीर केली. अट एकच, जोडी एका घरातली हवी. मी मनातल्या मनात आमच्या दोघांची जोडी लावून मोकळा झालो. तुझी भावजय तेवढी मोकळी झाली नाही. ती म्हणाली, आधी माणसासारखी रॅकेट घ्या, मग बघू. (यातला 'मग बघू' हा भाग मी ऐकला नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणूस वाक्याचा सोयीचा अर्धा भागच ऐकतो.)

शनिवारी आम्ही दोघं खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान अरुंद आणि आत लांबच लांब, छताला रॅकेटी उलट्या टांगलेल्या, मागच्या बाजूला जाळी ओढायचं यंत्र. दुकानदार म्हणजे थेट माझा भाऊ शोभावा असा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गिऱ्हाइकाला वस्तू हातात दिल्यावर एक अक्षर बोलायचं नाही ही पद्धतही माझीच. मीही फ्रेम हातात देतो, आरसा पुढे करतो आणि गप्प बसतो. उरलेलं काम गिऱ्हाईक आपलं आपण करतं. पण हे सगळं ओळखूनसुद्धा मी त्यात सापडलो. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, हौशी की गंभीर?

आता हौशी हा शब्द मला लागला. हौशी म्हणजे पाहुण्यांचं जेवण झालं की दार लावून घेऊन गायला बसणारा माणूस. मी पोट आत घेतलं आणि म्हटलं, गंभीर. तुझी भावजय शेजारीच उभी होती, तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पोट परत बाहेर आलं. दुकानदार बिचारा सरळ होता. त्याने समजावून सांगितलं की हौशी माणसाच्या रॅकेटचा दांडा लवचीक असतो, जाळी जरा ढिली असते, निम्मं काम रॅकेटच करते आणि फटका थोडा चुकला तरी सांभाळून घेते. गंभीर रॅकेटचा दांडा कडक, जाळी घट्ट, भार डोक्याकडे. ती काही सांभाळून घेत नाही, मनगटात असेल तेवढंच पुढे देते. मला त्यातून एवढंच कळलं की दुसरी महाग आहे. मग त्याने विचारलं, ताण किती ठेवू? मी म्हटलं, ठेवा भरपूर, आपल्याला सवय आहे. त्याने एकदा तुझ्या भावजयीकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं. जाळी ओढून झाल्यावर ती त्याने नखाने वाजवून दाखवली. टण्ण असा आवाज आला. तो ऐकून मला उगीचच उंच झाल्यासारखं वाटलं.

आता तो निरोप. घरी आल्यावर तुझ्या भावजयीने आधी नव्या रॅकेटचा फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली लिहिलं: 'हे गंभीर झाले आहेत. आज दुकानात तसं स्पष्टच सांगितलं. मी समजावून पाहिलं, पण आता आपल्या हातात काही नाही. सकाळी हॉलमध्ये सगळे जमणार आहेत.' अक्का, मी हे वाक्य न् वाक्य तपासलं आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. फोटो तेवढा तुला दिसला नाही, कारण सुप्रभातच्या गुलाबांनी तुझ्या फोनात जागाच ठेवलेली नाही. दाजींनी तर निरोपाखाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. (ते प्रत्येक गोष्टीला तेच टाकतात, तुझी भाची पास झाली तेव्हाही टाकलं होतं.) तू सकाळी उठून ते वाचलंस आणि फोनावर फोन केलेस, तेव्हा आमचे फोन हॉलच्या कोपऱ्यात चपलांशेजारच्या पिशवीत वाजत होते. मग तू मिळाली ती पहिली बस धरलीस.

तू बसमध्ये होतीस तेव्हा इकडे काय चाललं होतं तेही ऐक, म्हणजे देवाने तुझ्यावर एकट्यावर अन्याय केला नाही हे पटेल. नव्या रॅकेटने मी पहिली सर्व्हिस केली, ती मधल्या नेटपर्यंत पोचली नाही. दुसरी माझ्याच पायावर पडली. पत्र्याच्या रॅकेटने जे शटल हसत पलीकडे जात होतं, ते या रॅकेटवर आपटून टुक् असा आवाज करायचं आणि जागच्या जागी जीव सोडायचं. जोर काढून मारायला गेलो तर रॅकेटचं डोकं माझ्या आधी फिरलं आणि तुझ्या भावजयीच्या खांद्यावर बसलं. तिने खांदा चोळला, शांतपणे मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की संसार केला तेवढा पुरे, दुहेरी मी मुलीबरोबर खेळणार. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे मायलेकींची जोडी लिहून घेतली. मी कोपरात कळ घेऊन घरी आलो. त्या दोघी मागे राहिल्या.

दार उघडून पुरतं लोटलंही नव्हतं तोच तू आलीस. केस विस्कटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. मला समोर बघून तू चपलांच्या रॅकवरच बसलीस आणि तुझी पिशवी कलंडली. तिच्यातून गरम पाण्याची रबरी पिशवी आली, थर्मास आला, तुझे लांब मुक्कामाचे कपडे आले आणि एक जुनाट मोठं पाकीट आलं. त्यात मी सातवीत असताना मोडलेल्या माझ्या हाताचा एक्स-रे होता. डॉक्टरांना लागेल म्हणून तू तो आणला होतास. आणि अक्का, मी हसलो.

तू चिडलीस ती त्या हसण्यावर, हे मला ठाऊक आहे. निरोपाचं तू दोन दिवसांत विसरली असतीस. पण मी त्या एक्स-रेला हसलो नाही. तू आलीस याचं मला इतकं बरं वाटलं की तोंडाला काय करावं हेच सुचलं नाही, आणि ते हसलं. चुकलं माझं. तो एक्स-रे तू इतकी वर्षं जपून ठेवला असशील असं मला कधी वाटलंही नव्हतं. माझी लग्नाची पत्रिकासुद्धा आमच्याकडे सापडत नाही.

पुढचं तू रागात होतीस म्हणून तुला आठवत नसेल, पण मी नीट पाहिलं आहे. गंभीर काय, गंभीर, असं म्हणत तू माझ्या हातातली रॅकेट हिसकावलीस. ती माझ्या डोक्यात बसणार याची मला खात्री होती. मी घाबरून दुसऱ्या हातातलं शटल सोडलं, आणि ते जमिनीला लागायच्या आत तू त्याला मारलंस. टण्ण असा आवाज झाला, दुकानात झाला होता अगदी तसा. शटल पॅसेजमधून गेलं, जेवणाच्या टेबलावरून गेलं, गॅलरीतून बाहेर पडलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेलं. मी ते जाताना बघत राहिलो, आणि वळून पाहिलं तर तूही नव्हतीस. पिशवी भरून घेऊन गेलीस, एक्स-रेसुद्धा.

असो. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात पुन्हा गेलो आणि इतर गिऱ्हाइकांसमोर, आवाज न चोरता, हौशी म्हणून सांगितलं. दुकानदार हसला नाही. त्याने लवचीक दांड्याची, ढिल्या जाळीची एक काढून दिली. आता शटल पलीकडे जातं. कोपरही गप्प आहे. एवढीच हकीकत. राग गेला असेल तर बरंच, नसेल तर तोही कळव, पण काहीतरी कळव.

दाजींना पुन्हा नमस्कार. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा, प्रकृतीने ठणठणीत,
धाकटा

ता. क. समोरच्या इमारतीतल्या बाई शटल परत द्यायला आल्या होत्या. त्यांच्या कुंडीत सापडलं. तक्रार नव्हती, त्यांना फक्त तुमच्याकडे खेळतं कोण, हे विचारायचं होतं. मी बहीण म्हटलं. त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

आणखी एक ता. क. आता मुद्द्याचं. स्पर्धा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे आणि मला जोडीदार नाही. मी सेक्रेटरींना विचारलं, लग्न होऊन गेलेली बहीण घरातली धरता का? ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवलं आणि तुझं नाव देऊन आलो. तेव्हा घराशी संबंध संपल्याचं जे जिन्यात बोललीस ते निदान स्पर्धेपुरतं मागे घे, नाहीतर आपण बाद होऊ. पहिला सामना मायलेकींशी आहे. महागाची रॅकेट मी भिंतीला टांगून ठेवली आहे, तिला कुणी हात लावत नाही. दुकानदाराने मला प्रश्न बरोबर विचारला होता, फक्त उत्तर एकट्याचं दिलं ते चुकलं. आपल्या दोघांत हौशी मी आणि गंभीर तू.

शेवटचा ता. क. काल खालच्या वॉचमनने सांगितलं की त्या सकाळी लिफ्ट तळमजल्यावरच होती, दारसुद्धा उघडं होतं. तो तुला हाका मारत राहिला. तू बघितलंसही नाहीस, पिशवी घेऊन जिन्याने सुटलीस. चार मजले, अक्का. वर पहिल्याच ओळींत गुडघ्यांची चौकशी केली आहे ती रीत म्हणून नाही, खरंच कळव. आणि ये. या वेळी लिफ्टने ये, घाई नाही, मी आहे.