छाटलेले लव्हाळे

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलंय ते निव्वळ सवयीने. आज तुमच्यावर इतका राग आलाय की समोर बसून नको ते बोलून जाईन, म्हणून लिहितेय. तुम्हीच मला टकळी म्हणता ना? मग आता मध्ये न थांबवता सगळं ऐकून घ्या.

परवा प्रदर्शनात तुमच्या फोटोसमोर लोक वा वा करत होते. तळ्यावर नुकतं उजाडलंय, घरट्यात पाणकोंबडी बसलीय, तिच्या लाल चोचीवर कोवळं ऊन. पहिलं बक्षीस! मीही टाळ्या वाजवल्या. मग नजर खालच्या कोपऱ्यात गेली आणि हात तिथेच थांबले. लव्हाळ्यांची खुंटं, सगळी एका उंचीची, कात्रीने छाटलेली. दुसऱ्या कोणाला दिसली नसतील, पण असं बघायला मला तुम्हीच शिकवलंत. लहानपणी मी घरट्यासमोरचं एक पातं नुसतं बाजूला सारलं, तर फोटो न काढताच तुम्ही मला तळ्यावरून घरी आणलंत आणि दोन दिवस अबोला धरलात. पक्ष्याच्या दारचा पडदा आपण ओढायचा नसतो, म्हणालात. नियम काय फक्त लेकीला?

आज पहाटे तळ्यावर जाऊन आले. घरटं उघडंबोडकं पडलंय, आत अंड्यांची फुटकी टरफलं. पाणकोंबडीचा पत्ता नाही. कावळ्यांना तुम्ही आयतं ताट वाढलंत, बाबा. तिथून तडक भांडायलाच निघाले होते. वाटेत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी हाक मारली आणि तुमची लेन्स माझ्या हातात ठेवली. तिसऱ्यांदा दुरुस्तीला टाकलीत म्हणे, वर त्या बिचाऱ्याला वाटेल ते बोललात. लेन्स ठणठणीत आहे. त्यांनी माझ्यासमोर लावून दाखवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच बसले, आणि एकेक आठवत गेलं. चहा कपाबाहेर ओतता आणि कपाला नावं ठेवता. जिना उतरताना कठडा चाचपता. फोकस हातानेच करायचा हा तुमचा जन्माचा हट्ट. कॅमेऱ्याला काय कळतं, तो पुढच्या गवतालाच धरून बसतो, असं म्हणायचात. आता गवत कुठलं आणि पक्षी कुठला हे तुम्हालाच दिसेनासं झालंय, म्हणून गवतच कापलंत आणि फोकस कॅमेऱ्यावर सोडलात. आणि असले डोळे घेऊन अंधारात एकटे गाडी हाकत तळ्यावर जाता! वाटेत कोणी आडवं आलं असतं तर? तुम्हालाच काही झालं असतं तर?

त्या पाणकोंबडीपायी आलेला राग आहेच, तो इतक्यात जायचा नाही. पण त्याहून मोठा राग वेगळाच आहे. दुकानदाराला शिव्या घातल्यात, लव्हाळे कापलेत, पण पोटच्या पोरीला 'मला दिसत नाही' एवढं सांगवलं नाही तुम्हाला. आई गेल्यापासून या घरात आपण दोघंच. मग लपवता कोणापासून?

गाडीची किल्ली मी घेतलीय, उगाच ड्रॉवर उपसू नका. बक्षीस परत करायचं, आणि का ते तुमच्याच तोंडाने सांगायचं. मी शेजारी उभी राहीन. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तिथे कुरकुर चालणार नाही. नंतर तळ्यावर मी नेईन तुम्हाला, पण घरट्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. हे पत्र मुद्दाम जाड पेनाने, पानावर चारच ओळी, पाटीवर लिहावं तसं लिहिलंय. एवढं करूनही वाचता आलं नाही, तर वाचल्याचं सोंग करू नका. हाक मारा. मी बाहेरच्या खोलीतच बसलेय.

तुमचीच,
टकळी